भुकेला कोळसा

जाळायचं, पण जळू द्यायचं नाही. सगळा धंदा या एका वाक्यात मावत होता, आणि ते वाक्य घरात आणलं होतं धाकट्याने. वाळक्या काटक्या, टरफलं, भुसा, लाकडाचा चुरा, जे जे लोक उकिरड्यावर टाकतात ते सगळं जाड लोखंडी पिंपात भरायचं, झाकण आवळायचं, हवेला आत मज्जाव करायचा आणि पिंप बाहेरून तापवायचं. आतला माल तापतो, तडफडतो, पण हवा नाही म्हणून पेट घेत नाही. त्याचा जीव धुराच्या रूपाने नळीतून बाहेर पडतो. तो धूर थंड केला की काळं, आंबूस वासाचं तेल मिळतं. जो वायू तेल व्हायला राजी होत नाही, तो भट्टीच्याच पोटाखाली जाळायचा. आणि पिंपात शेवटी उरतो तो कोळसा: हातात घेतला तर हलका, आतून बारीक बारीक भोकांनी पोखरलेला, मातीत मिसळला तर ओल धरून ठेवणारा.

काहीच वाया जात नाही, हे ऐकून थोरला खूश झाला होता. थोरला उसासासुद्धा वाया न घालवणारा माणूस. टाकायचाच झाला तर कोणीतरी ऐकायला आहे असं बघून टाकायचा.

त्याआधी या घराचा धंदा शीतगृहाचा होता. अंगणाच्या एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला ती एक भलीमोठी खोली. भिंती हातभर जाड, आतून अस्तर लावलेल्या, खिडकी नाही. पुढे रबराची कड असलेलं वीतभर जाडीचं दार, मागच्या भिंतीत माल चढवायची एक झडप, तीही तशीच घट्ट. हयातभर लोकांची फळं या खोलीत राहिली आणि बाहेर येताना टवटवीत आली. पुढे मोठ्या रस्त्यावर मोठं शीतगृह झालं, यांचं यंत्र विकलं गेलं आणि खोली तेवढी उरली. तिच्याबरोबर घरात एक विश्वासही उरला. घट्ट बंद केलं की माल सुरक्षित. हा विश्वास कोणी कोणाला शिकवला नव्हता. तो या घरात कणकेत मीठ असावं तसा होता.

त्या विश्वासाचे मालक म्हणजे या दोघा भावांचे वडील. कामगार त्यांना पाठीमागे नाकाजी म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. कारण नाक खरोखरच मोठं गुणी होतं. शीतगृहाचं दार किलकिलं करून नाकाजी एक खोल श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "डावीकडची मागची रांग, खालून दुसरी पेटी. काढा बाहेर." पेटी निघायची आणि तळाशी एक फळ नासलेलं असायचं. अशा माणसाला नाकाने कांदे सोलायचा हक्क असतो, आणि तो त्यांनी कधी बुडू दिला नाही.

घराची आणखी एक ख्याती होती. एकाने हाक मारली की बाकीचे धावत सुटायचे. कशाला, कुठे, हे पोचल्यावर कळायचं. एकदा थोरला शिडीवरून ओरडला तेव्हा सगळे इतक्या वेगाने येऊन शिडीला भिडले की तोपर्यंत नीट उभी असलेली शिडी आडवी झाली, आणि थोरल्याचा पाय मोडला तो त्याला वाचवणाऱ्यांमुळे. त्याला फक्त हातोडी हवी होती. ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची. मोडलेला पाय थोरल्याचा असूनही सगळ्यात जास्त तोच हसायचा.

धाकट्याची बायको या घरात आली ती वेगळ्याच चालीची. तिच्या माहेरी हाक आली की लोक बसल्या जागेवरून "काय?" असं विचारायचे. त्यामुळे तिची थट्टा ठरलेली. नाकाजी म्हणायचे, "आमच्या धाकटीला हाक मारली की आधी 'काय' येतं. त्याच्या मागून सावकाश धाकटी येते."

"आणि काम काय ते न कळता आले तर परत जावं लागतं ना बाबा," ती म्हणायची. "मी एकाच फेरीत येते."

"बघा, हिशेबी आहे," नाकाजी थोरल्या सुनेकडे बघून म्हणायचे, आणि थोरली हसायची. थोरलीच्या हसण्यात जमा आणि खर्च दोन्ही असायचं. सासऱ्यांच्या खात्यात जमा, जावेच्या खात्यात खर्च.

तर अशा घरात कोळसा निघू लागला. पिंपातून काढला की धाकटा त्यावर भरपूर पाणी मारायचा, मग अंगणात पातळ पसरायचा, दंताळ्याने वरखाली करायचा, आणि चांगले काही दिवस उघड्यावर ठेवून मगच पोत्यात भरू द्यायचा. कशाला एवढं, असं थोरलीने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, ताजा कोळसा भुकेला असतो. त्याची सगळी भोकं रिकामी असतात. तो हवा खातो, आणि खाताना तापतो. उघड्यावर पातळ पसरलेला असला तर खाऊन गप्प होतो. ढीग करून ठेवला तर आतल्या आत तापत राहतो."

"म्हणजे जेवून आडवं पडलेल्या माणसासारखं," थोरली म्हणाली. "तुमच्या दादांसारखं."

घोडं अडलं ते पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकापाशी. त्याने नमुना परत पाठवला. कोळसा ओला आहे, कोरडा असेल तरच घेऊ, असा निरोप आला. थोरल्याने निरोप वाचून दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा एक उसासा टाकला.

"पाणी मारू नकोस," तो धाकट्याला म्हणाला.

"मग विझणार कसा?"

"तूच म्हणतोस ना, हवा नसली की पेटत नाही. पिंपातच बंद ठेवून गार होऊ दे."

"गार होईल. पण पोत्यात भरायच्या आधी पसरावा लागेलच. उलट जास्त दिवस. कोरडा कोळसा जास्त भुकेला असतो."

"पसरला की दव पडतं. दव पडलं की ओला. ओला झाला की हा निरोप." थोरल्याने कागद हलवला. "बाबा, तुम्ही सांगा."

नाकाजींनी सांगायची गरजच नव्हती. ते आधीच अंगणापलीकडच्या त्या खोलीकडे बघत होते. "एवढी मोठी खोली रिकामी पडलीय," ते म्हणाले. "दव सोडा, त्यात मुंगीचा श्वास जात नाही. भरा आणि बंद करा. कोळशाला हवा पाहिजे म्हणतोस ना? मग देऊच नका. प्रश्न मिटला."

बोलणं इतकं बिनतोड होतं की धाकटा गप्प बसला. मुळात धाकटा हा अशा जातीचा शहाणा होता, की त्याला सगळं माहीत असायचं आणि थोरल्यासमोर त्यातलं काही आठवायचं नाही. खोलीत मुळात हवा भरलेली आहे, भिंतीएवढी उंच हवा, आणि कोळसा ती खाऊन संपवील, हे त्याला त्याच क्षणी दिसलं होतं. संपल्यावर त्या जागी काय उरेल तेही दिसलं होतं. पण बाप आणि भाऊ एका बाजूला असले की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

ती सुटली संध्याकाळी, मोरीत हात धुताना, बायकोजवळ.

"त्या खोलीत पोती ठेवली तर दार उघडताना जपायला हवं," तो म्हणाला. हातांवरचा काळा थर साबणाने जात नव्हता, तो वाळूने घासत होता. "आधी मागची झडप उघडायची, मग दार, आणि अर्धा दिवस तरी कोणी आत पाऊल टाकायचं नाही. आत हवा नसणार. शिवाय कोळशाने सोडलेला विषारी वायू असणार. त्याला ना रंग ना वास. दोन श्वासांत माणूस पडतो."

"हे दादांना सांगितलंत?"

"सांगेन."

"बाबांना?"

"सांगतो ना. दार उघडायच्या दिवशी मी असणारच आहे."

धाकटीने टॉवेल पुढे केला. तिला वाटलं, आपण जाऊन सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर दोघे धाकट्याला विचारतील, आणि धाकटा म्हणेल, "तसं काही फार नाही." हे तिने आधी पाहिलं होतं. बायकोला खोटं पाडून भावाला खरं ठेवायचं, ही या घरातल्या पुरुषांची जुनी सवय. तिने तोंड बंद ठेवलं आणि मागच्या झडपेच्या बिजागरीत मात्र त्याच आठवड्यात तेल घालून ठेवलं.

पोती भरली. खोलीच्या छतापर्यंत थप्प्या लागल्या, मध्ये एक माणूस चालेल एवढी वाट ठेवली, आणि नाकाजींनी स्वतः दाराची मूठ आवळली. रबर दबल्याचा ओळखीचा आवाज आला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यंत्र विकल्यापासून तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

पुढच्या काही दिवसांत अंगणातल्या मांजरीने मुक्काम हलवला. ती स्वयंपाकघराच्या पायरीवरची, आता त्या दाराला पाठ टेकून झोपू लागली. नाकाजींना गंमत वाटली. "यंत्र होतं तेव्हा ही इकडे फिरकायची नाही. आता बघा. मुक्या जनावरालाही आपला माल आवडला."

धाकटीने जाऊन दाराला तळहात लावला. हातभर जाड भिंत, वीतभर जाड दार, त्यातून ऊब बाहेर येत होती. तिने नवऱ्याला बोलावून त्याचाही हात तिथे ठेवला. धाकट्याने हात लगेच काढला नाही. बराच वेळ तो तसाच उभा राहिला, ताप बघावा तसा.

"मी दादाशी बोलतो," तो म्हणाला.

बोलला. धाकटी घरातून ऐकत होती. "दादा, दार जरा गरम लागतंय," एवढंच तो म्हणाला, आणि थोरला म्हणाला, "चांगलंय, म्हणजे कोरडा होतोय." त्यावर धाकटा हसला. पालथ्या घड्यावर पाणी पडतं तेव्हा निदान आवाज तरी होतो.

गिऱ्हाइकाचा माणूस यायचा होता त्याच्या आदल्या दिवशीच त्याचा फोन आला. या बाजूलाच आलोय, जेवणानंतर येऊन जातो. सकाळची कामं चालू होती. धाकटा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भट्टीपाशी होता; नवं पिंप तापलेलं, धूर नळीत उतरू लागलेला, अशा वेळी तिथून हलता येत नाही. दोघी जावा शेडमध्ये पोत्यांची तोंडं शिवत बसल्या होत्या. माल एकदा बघून ठेवायला थोरला खोलीकडे निघाला आणि नाकाजी त्याच्या पुढे.

"तू थांब," नाकाजी म्हणाले. "आधी मी बघतो. माल कसा आहे ते दारातच कळतं."

धाकटीने सुई खाली टाकली. "बाबा, थांबा. आधी मागची झडप उघडायला हवी."

"काय?" नाकाजी वळून म्हणाले, तिच्याच आवाजात, आणि थोरला हसला. थोरलीही हसली.

"खरंच थांबा. आत हवा नाहीये. यांनी सांगितलंय मला."

"मला नाही सांगितलं," थोरला म्हणाला. त्याने मूठ खाली दाबली. दार उघडलं तेव्हा मांजर उठून बाजूला झाली, आणि आतून एक ऊबदार, सुकी झुळूक बाहेर आली. धूर नाही, जळका वास नाही. धाकटी धावत निघाली, पण शेड आणि दार यांच्यात ओला भुसा पसरलेला होता आणि त्यावर पाय घसरत होता.

नाकाजींनी उंबऱ्यावर उभं राहून डोकं आत घातलं. त्यांनी श्वास घेतल्याचा आवाज अंगणात ऐकू आला, इतका तो खोल आणि सरावाचा होता.

"नाही बुवा," ते म्हणाले. "एकदम स्वच्छ. काहीच वास नाही." आणि ज्या माणसाला स्वतःच्या नाकाबद्दल कधी शंका आली नाही त्याच्या ऐटीत ते थप्प्यांमधल्या वाटेने चालत गेले. बऱ्याच आत जाऊन ते वाकले. तळाच्या पोत्याला हात लावून बघताहेत असं वाटलं. मग ते बसले. मग डोकं पोत्याला टेकलं.

"बाबा?" थोरला म्हणाला, आणि धावला.

तो पाच-सहा पावलं गेला असेल. पायाला काही अडकावं तसा तोंडावर आपटला आणि त्याने उठायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

धाकटी दाराशी पोचली तेव्हा मागून थोरली येत होती, नवऱ्याचं नाव पुटपुटत, डोळे फक्त आत. धाकटीने तिला अंगाच्या धक्क्याने भुशात पाडलं. "झडप," ती ओरडली. "मागे जा, झडप उघड. आत गेलीस तर मरशील, मागून जा." थोरलीने उठून क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि ती भिंतीला वळसा घालून पळाली. पळताना तिने धाकट्याला हाक मारली.

तीच चूक झाली. हाक ऐकून धाकटा भट्टी सोडून आला. आत काय आहे हे त्या अंगणात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. हवा किती कमी झाली की माणूस किती वेळात पडतो हे तो आकड्यांनिशी सांगू शकला असता. पण या घरात हुकूम आधी पायांना मिळतो, डोक्याला मागाहून कळवलं जातं. तो सरळ उघड्या दाराकडे येत होता, वेग न कमी करता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

धाकटीने त्याला कमरेला मिठी मारली. तो तिला तशीच ओढत दोन पावलं पुढे आला.

"सोड."

"नाही."

"दादा आहे आत. बाबा आहेत. सोड मला."

"दोन श्वास, तुम्हीच म्हणालात."

"मी श्वास धरून जातो."

"दादाला उचलायला श्वास लागेल. धरून नाही उचलता येणार."

त्याने तिचे हात सोडवायला सुरुवात केली, एकेक बोट. तो ताकदीचा होता आणि तिला कळलं की हे फार वेळ चालणार नाही. मग तिने त्याच्या हाताला चावा घेतला, कोपराच्या खाली, दात रुतेपर्यंत, आणि सोडला नाही. तो ओरडला. त्या ओरडण्याने त्याची नजर ठिकाणावर आली. त्याने तिच्याकडे पाहिलं, जणू ती आत्ताच तिथे आली होती.

"दंताळं," ती म्हणाली. तिच्या तोंडात रक्ताची चव होती. "पिंपातलं लांब दंताळं. बाहेरून ओढू."

भट्टीचं दंताळं दोन पुरुषांएवढं लांब असतं, कारण तापलेल्या पिंपाजवळ कोणी जाऊ शकत नाही. धाकटा ते घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेर पोटावर आडवा झाला. धाकटी त्याच्या पाठीवर बसली, सगळं वजन टाकून, तो विसरला तरी उठू नये म्हणून. दंताळ्याचा दात थोरल्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकला. दोघांनी ओढलं. थोरला पोत्यांना घासत, तोंडावर, बाहेर आला. त्याचे ओठ लालभडक होते, तब्येत सुधारलेल्या माणसासारखे, आणि तो श्वास घेत होता, मध्ये फार अंतर ठेवून.

मग धाकट्याने दंताळं पुन्हा आत घातलं. खांद्यापर्यंत हात आत घातला. दंताळ्याचं टोक नाकाजींच्या चपलेपासून हातभर अलीकडे जमिनीवर खरडत राहिलं. तो पुढे सरकू लागला आणि धाकटी त्याच्या पाठीवरून उठली नाही. तो पुढे सरकू लागला आणि तिने त्याचे केस धरले.

मागे झडप उघडल्याचा आवाज झाला. बिजागरी कुरकुरली नाही. खोलीतून आरपार हवा वाहू लागली, आणि थोडा वेळ दोघांनाही वाटलं की झालं, आता जाता येईल. तेवढ्यात नाकाजींच्या मागच्या थप्पीतल्या एका पोत्याला मध्यभागी एक लाल ठिपका दिसला. तो मोठा झाला. शेजारच्या पोत्यावर दुसरा आला. आत इतके दिवस उपाशी बसलेल्या कोळशाला ताट वाढलं होतं. मग धूर आला, या वेळी दिसणारा, वास असलेला, आणि त्याने वाट भरून टाकली.

अग्निशमनवाले पाठीवर हवेच्या टाक्या लावून आत गेले आणि नाकाजींना घेऊन बाहेर आले. त्यांनी घाई केली नाही यावरूनच सगळ्यांना कळलं. पाणी मारून आतली आग विझेना. वरून विझली की पोटातून पेटायची. शेवटी त्यांनी दार आणि झडप पुन्हा बंद केली, फटी मातीने लिंपल्या आणि सांगितलं, हवा मिळाली नाही तर हळूहळू मरेल. आठवडे लागतील, कदाचित महिने. आम्ही येऊन उघडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

पुढचे दिवस माणसांचे होते. भेटायला येणारे बसायचे, पाणी प्यायचे, अंगणापलीकडच्या त्या खोलीकडे चोरून बघायचे आणि मनातल्या मनात हिशेब मांडायचे. सासरा आत पडलेला, पोटचा मुलगा दारात, आणि बायको त्याला धरून बसलेली. चाव्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती तरी सगळ्यांना माहीत होती. धाकटा उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे सदरे घालत होता. एका लांबच्या मामीने तर विचारलंच, "तुला मागेपुढे काही वाटलं नाही का गं?" धाकटी म्हणाली, "पुढचंच वाटलं, मामी." त्यानंतर कोणी तिला विचारलं नाही. पण लोकांचं न विचारणंही कोळशासारखंच. उगाळावं तितकं काळं.

थोरला इस्पितळात होता. थोरली आल्यागेल्याला सांगायची, सगळं इतक्या पटकन झालं की काही कळलंच नाही. एकदा दोघीच भांडी पुसत असताना ती हातातल्या ताटाकडे बघत म्हणाली, "माझा माणूस तुझ्यामुळे घरी येतोय, हे मला माहीत आहे. पण मी ते चारचौघांत म्हणणार नाही."

"का?"

"म्हटलं की लोक पुढचं विचारतील. एकाला काढलंत, मग दुसऱ्याला का नाही. मला त्याचं उत्तर द्यायचं नाहीये. तूही देऊ नकोस."

धाकटीला त्यातला व्यवहार समजला. तो तिला आवडला नाही, पण पटला.

धाकटा तिच्याशी बोलायचा ते मीठ दे, टॉवेल दे, इतपत. सकाळी उठला की तो आधी त्या खोलीपाशी जायचा आणि भिंतीला हात लावायचा. ती दारातून बघत राहायची. तो परत येईपर्यंत ती चूल पेटवायची नाही.

थोरला घरी आला तो थोडा वेगळा होऊन. शब्द शोधायला वेळ लावायचा, डोकं धरून बसायचा. बापाविषयी बोलायचा नाही. पहिल्यांदा काही धड बोलला तो चौघं जेवायला बसले असताना.

"सगळी पोती जळली नसतील," तो म्हणाला.

थोरलीने त्याच्यापुढे भात सरकवला.

"दाराजवळची तर नाहीच. आग मागे लागली होती. आत... आत अर्धा माल तसाच असेल. आपण उघडून काढून घेऊ. गिऱ्हाईक थांबलंय अजून."

"त्यांनी सांगितलंय, हात लावायचा नाही," धाकटी म्हणाली.

"त्यांचं काय जातंय." थोरला पाणी प्यायला. "आधी झडप उघडायची ना? झडप उघडू. या वेळी तसंच करू. मी जातो आत, पटकन दोन रांगा काढतो. तू दारात राहा," तो धाकट्याला म्हणाला. "काही झालं तर ये."

धाकट्याचा घास हातातच राहिला. धाकटी त्याच्याकडे बघत होती, आणि या घरात आल्यापासून तिने बघितली नव्हती अशी एक गोष्ट झाली. त्याची जीभ टाळूपासून सुटली.

"भिंत अजून गरम आहे, दादा," तो म्हणाला. "हवा लागली की सगळं भडकेल. नाही लागली तर तू पडशील. मी येणार नाही."

"येणार नाहीस?"

"नाही."

थोरल्याने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. त्याचे डोळे आजारपणाने खोल गेले होते, त्यामुळे ते नाकाजींच्या डोळ्यांसारखे दिसत होते. "बरोबर आहे," तो सावकाश, एकेक शब्द शोधून म्हणाला. "बापाच्या मागे आला नाहीस. भावाच्या मागे कशाला येशील."

तो उठला. हात न धुता खुंटीवरचा कंदील घेतला आणि बाहेरच्या दाराकडे निघाला.

धाकटीने धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. चेहऱ्यावर काही दिसणार नाही हे तिला माहीत झालं होतं. तिने त्याच्या पायांकडे बघितलं. पाय पाटावरून उतरले होते आणि चपला शोधत होते.

ती उठून दारात गेली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. थोरला तिच्यासमोर थांबला, आणि त्याच्या मागे, एका हाताच्या अंतरावर, धाकटा येऊन थांबला. तो कशासाठी उठला होता, भावाला अडवायला की भावामागे जायला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"हो बाजूला," थोरला म्हणाला.

मग थोरली उठली. तिने ताट सरकवलं, पदर खोचला आणि जावेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चौकट अरुंद होती. दोघींचे खांदे एकमेकींना लागले. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

अंगणातून, त्या खोलीच्या लिंपलेल्या फटींतून वाट काढत, काळ्या तेलाचा आंबूस वास घरात येत होता.

"किती दिवस उभ्या राहाल?" थोरल्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.

थोरलीने आपलाही हात चौकटीला लावला.